कंद नेमके कधी लावायचे? (आणि आत्याच्या पिशवीतले ते सात)

पाचवा_मजला, १७ मे, रात्री १०:१२

दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पुण्यात पाचव्या मजल्यावर पूर्वेची गॅलरी, सकाळचं चार तास ऊन, बावीस कुंड्या. मोगरा, गुलाब, कढीपत्ता सगळं जमतं. कंद मात्र माझ्या हाताला लागत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात ऑनलाइन ट्यूलिपचे दहा कंद मागवले. पाकिटावर 'ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा' असं छापलेलं, तसेच लावले. सहा कुजले. तिघांनी नुसती पानं काढली. एकाला फूल आलं, पण दांडाच नाही, पानांच्या बुडाशी कोबीत अडकल्यासारखं चुरगळून बसलं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर उत्तर आलं, 'हवामानाला आम्ही जबाबदार नाही.'

मग जानेवारीत नर्सरीत निशिगंध दिसला, तो आणला. आज मे अर्धा सरला तरी कुंडीत नुसतं गवत.

आणि आता खरा प्रश्न. माझी आत्या दापोलीजवळ राहते. डिसेंबरात गेले होते तेव्हा निघताना तिने पिशवीत सात कंद घालून दिले. मोठ्या कांद्याएवढे, मानेशी निमुळते. सोबत तिच्या अक्षरातली चिठ्ठी, त्यावर एकच शब्द: 'मे'. म्हणून मी ते पाच महिने टोपलीत कोरडे ठेवले. आज बाहेर काढले. एकाच्या टोकाशी तांबूस कोंब येऊन सुकला होता, तो मोडून टाकला. उद्या लावू ना?

जमल्यास वर्षाचा हिशोबच कुणीतरी सांगा. कुठल्या महिन्यात काय?

शंकासुर, १७ मे, रात्री १०:३१

आत्याला फोन करणे हा पर्याय उपलब्ध नाही का? हलके घ्या.

पाचवा_मजला, १७ मे, रात्री १०:४४

केला ना. तिला हल्ली ऐकू कमी येतं. "आत्या, ते कांदे कसले दिले होतेस गं?" म्हटलं, तर म्हणाली, "पांढरे, अलिबागचे. संपले एवढ्यात?"

म्हणून इथे आले.

बांधावरचा, १८ मे, पहाटे ५:५०

ताई, लावून टाका. काय आहेत ते उगवल्यावर कळेल. माती निचऱ्याची ठेवा, एवढंच.

हिशोबाचं सांगतो. दौंड तालुक्यात माझं दीड एकर निशिगंधाचं रान आहे, त्यामुळे तेवढं एक पीक मला नीट कळतं, बाकीचं परसातलं. महिने पाठ करू नका. प्रत्येक कंद वर्षात कधीतरी झोपतो. कोण थंडीत झोपतो, कोण उन्हाळ्यात. तो उठायच्या बेताला आला की मातीत गेला पाहिजे. जागा असताना हलवला तर रुसतो, गाढ झोपेत असताना पाणी घातलं तर कुजतो.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, त्याला ऊब लागते. आम्ही लावण एप्रिल-मे मध्ये करतो, उशिरात उशिरा मृगाच्या आधी. बेणं दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचं निवडायचं. काढल्यावर महिनाभर सावलीत पसरून ठेवायचं, मगच लावायचं. तुमच्या गवताची दोन कारणं दिसतात. जानेवारीत लावल्यामुळे तो थंडीत नुसता बसून राहिला. शिवाय नर्सरीवाले बरेचदा बारीक बेणं देतात, ते पहिल्या वर्षी फक्त पात काढतं. उपटू नका. पावसाळ्यात जोर धरला तर या वर्षी, नाहीतर पुढच्या वर्षी दांडा देईल.

वेळेवर लावलेला तीन-चार महिन्यांत, म्हणजे गणपतीच्या आसपास, फुलायला लागतो. एका लावणीवर आम्ही तीन वर्षं काढतो. ज्या कांद्याने एकदा दांडा दिला तो पुन्हा देत नाही, त्याच्या कडेची पिल्लं देतात. कुंडीत दाटी झाली की फुलं घटतात ती यामुळेच. सिंगल, म्हणजे एकेरी पाकळ्यांचा, हाराला आणि वासाला, डबल फुलदाणीला. बेंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेची 'प्रज्वल' सिंगलमध्ये चांगली, डबलमध्ये 'सुवासिनी'.

आता नक्षत्रावर सांगतो, आम्हाला तेच सोपं. रोहिणी लागायच्या सुमारास, २५ मेच्या आगेमागे: निशिगंध, सोनटक्का, कळलावी, रेन लिली. मृगात: कर्दळ, तीही कुठेही. पुष्य-आश्लेषा म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा: काही लावू नका, मातीला वाफसाच नसतो, नुसता चिखल. हस्त ओसरला, दहा ऑक्टोबर उलटला: ग्लॅडिओलस. डेलियाचं मला कळत नाही.

शंकासुर, १८ मे, सकाळी ८:०५

माहिती उत्तम. पण नक्षत्रांवर लावणी? एकविसाव्या शतकात?

बांधावरचा, १८ मे, दुपारी १:१५

दादा, पावसाचं नक्षत्र म्हणजे सूर्य कुठे आहे त्याची तारीख. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, पाऊस येवो न येवो. तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही छापलेला असतो, वाहनासकट. पंचांगाचा धाक वाटत असेल तर ७ जून म्हणा, कांद्याला फरक पडत नाही.

शंकासुर, १८ मे, दुपारी १:२०

दंडवत. मागे घेतो.

डच_जावई, १८ मे, दुपारी ४:४०

ट्यूलिपबद्दल मी बोलतो, कारण इथे लायडनला आमच्या घरी तो सणासारखा विषय आहे. (सासरे कंदांच्या शेतावर कामाला होते, आयडी त्यावरून.)

ताई, तुमचं ते बिनदांड्याचं फूल सगळी गोष्ट सांगून गेलं. ट्यूलिपच्या कंदात पुढच्या वर्षाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते. तुम्ही विकत घेता तेव्हा फूल आत असतंच. मात्र दांडा वाढायला आधी थंडी लागते, साधारण १२ ते १६ आठवडे, ९ अंशांच्या खाली. ती मिळाली नाही की कळी जागच्या जागी उमलते किंवा आतच जळून जाते. पाकिटावरचा ऑक्टोबर-नोव्हेंबर इथला आहे. इथे तेव्हा माती गार व्हायला लागते आणि मार्चपर्यंत गारच राहते. पुण्यात नोव्हेंबरच्या दुपारी अंगावर स्वेटर ठेवून बघा.

श्रीनगरच्या ट्यूलिप बागेतही कंद शरदात जमिनीत जातात आणि मार्चअखेर ते एप्रिल फुलतात. तारखा आमच्यासारख्याच, कारण थंडी तशीच.

अवांतर: लायडनच्या विद्यापीठाच्या बागेत क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये आला आणि त्याने इथे ट्यूलिप लावले. त्याचे कंद चोरीला जायचे म्हणे. आज आमच्या शेजारच्या आजी कुंड्या रात्री आत घेतात, त्या बहुधा त्याच परंपरेतल्या.

नागपुरी_ऊन, १८ मे, सायंकाळी ७:०२

मग फ्रिजमध्ये ठेवून जमेल की नाही ते सांगा ना. आमच्याकडे आज ४५ आहे, थंडी फक्त फ्रिजातच भेटते.

डच_जावई, १८ मे, सायंकाळी ७:३०

जमतं. सप्टेंबरात कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवायचे, डिसेंबरच्या शेवटी कुंडीत लावायचे. त्याच कप्प्यात सफरचंद, केळी ठेवू नका. पिकत्या फळांतून इथिलीन सुटतं, त्याने आतली कळी मरते. पिशवीवर ठळक अक्षरांत 'भाजी नाही' लिहा, खाण्यातले नाहीत ते. आणि एकदा फुलले की संपलं, दुसऱ्या वर्षी आशा ठेवू नका. गणपतीसारखं आहे, आणायचा आणि पोचवायचा.

माझं स्पष्ट मत: पुण्यात राहून ट्यूलिपच्या मागे लागणं म्हणजे लायडनमध्ये हापूस लावणं. मी लावलाय. खिडकीत आहे. चार पानं आहेत.

आगरातली, १९ मे, सकाळी ११:२०

गुहागरहून. आमच्याकडे कुणी कंद 'लावत' नाही हो, ते असतातच. पागोळीखाली सोनटक्का, विहिरीकडे भुईचाफा, गडग्याला कळलावी. खणून ठेवायचं म्हणजे साळिंदराला ताट वाढून ठेवण्यासारखं.

भुईचाफ्याचं नाव बांधावरच्या दादांच्या यादीत राहिलं. दिवाळीनंतर त्याची पानं सुकून जातात, जमीन मोकळी दिसते, नवीन माणूस त्यावर फावडं मारतो. मग चैत्र-वैशाखात कोरड्या मातीतून थेट फूल, पांढरं-जांभळं, वासाचं. पानाचा पत्ता नाही. फुलं सरली की पानं. त्याला हलवायचं तर पानं सुकल्यावर, फूल येण्याआधी, माघ-फाल्गुनात. जे आधी फूल आणि मागून पान काढतात त्यांना पावसाच्या तोंडाशी लावलं तर त्या वर्षीचं फूल गेलंच म्हणून समजा.

ताई, त्या सात कंदांचा फोटो टाका. मला एक संशय आहे, पण इतक्यात बोलत नाही.

शंकासुर, १९ मे, रात्री ९:००

कळलावीचं नाव दोनदा आलं म्हणून राहवत नाही. औषधांच्या दुकानात आयुष्य गेलं माझं. कळलावीत कोल्चिसिन असतं, संधिवाताच्या एका प्रकारावर तेच औषध अगदी मोजून देतात. सगळं झाड विषारी, कंद सर्वात जास्त, आणि तो रताळ्यासारखा दिसतो, घात तिथेच होतो. लहान मूल किंवा कुत्रं घरात असेल तर गॅलरीत नको.

लावायचीच असेल तर हातमोजे घाला. तिचा कंद नांगरासारखा वाकडा असतो, संस्कृतात नावच लांगली आहे. टोकाशी एक डोळा असतो, तो मोडला तर ती बाजू फुटत नाही. म्हणून आडवा ठेवून हलक्या हाताने माती लोटायची.

नागपुरी_ऊन, २० मे, दुपारी ३:१५

डेलियाचं माझ्याकडून. आमच्याकडे हिवाळा कडक असतो, डेलिया असा येतो की गेटसमोर लोक गाडी थांबवून पाहतात. सप्टेंबरच्या शेवटी, पावसाने पाठ फिरवली की लावतो. जुने गड्डे ठेवले असतील तर कुंडीत ओल्या वाळूवर मांडायचे, खोडाच्या बुडातून कोंब फुटले की त्यांच्या कलमा करायच्या. नुसता रताळ्यासारखा गड्डा लावून काही होत नाही बरं का, त्याला मानेचा तुकडा हवा, डोळे तिथे असतात. माझ्या मेव्हण्याने मान छाटून स्वच्छ करून लावले होते. तो अजून वाट पाहतोय.

डिसेंबर ते फेब्रुवारी फुलं. मार्चमध्ये पानं करपली की खणायचं, माती झाडायची, कोरड्या वाळूत घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. जमिनीत ठेवले तर आमच्या मे महिन्यात भाजून निघतात.

बांधावरचा, २० मे, रात्री ८:१०

ग्लॅडिओलसचं थोडं राहिलं होतं. लावल्यापासून जातीप्रमाणे ६० ते ९० दिवसांत दांडा येतो, तेव्हा कधी फुलं हवीत तिथून मागे मोजा. घरच्यासाठी सगळे एकदम लावू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने चार-चार लावा. दांडा कापताना खाली चार-पाच पानं राखा, ती पानंच पुढच्या वर्षीचा कंद भरतात. लावलेला कंद सुकून जातो, त्याच्या डोक्यावर नवा बसतो. ताजा काढलेला लगेच लावू नका, त्याला दोन-तीन महिने झोप लागते.

पाचवा_मजला, १४ जून, रात्री ९:३०

अपडेट. सातही कंद १८ मेलाच लावले होते. परवा पाऊस झाला आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या रेन लिलीला आज अकरा गुलाबी फुलं! महिनाभर नळाचं पाणी घालत होते तेव्हा नुसती पात, आणि एका पावसात हे. आत्याचे कंद अजून गप्प.

शंकासुर, १४ जून, रात्री ९:४१

प्रचि (प्रकाशचित्र) नसेल तर प्रतिसाद मोजला जाणार नाही.

पाचवा_मजला, २० जुलै, दुपारी २:०५

सातांपैकी सहा उगवले! रुंद, पातळ, हिरवीगार पानं, कडा किंचित लहरी. काकू म्हणतात सोनटक्का. नवरा म्हणतो हळद. फोटो डकवलाय.

डच_जावई, २० जुलै, दुपारी ३:५०

अमरिलीस?

नागपुरी_ऊन, २० जुलै, दुपारी ४:१०

नाही, अमरिलीसची पानं पट्ट्यासारखी लांब असतात, ती आहे माझ्याकडे. तिचंही सांगून टाकतो: कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवा, पाऊस संपल्यावर दीड-दोन महिने पाणी तोडा, मग पुन्हा सुरू करा. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये कधीतरी दांडा काढते. पाणी तोडायला जीव होत नाही म्हणून कित्येकांकडे वर्षानुवर्षं नुसती पानं असतात. माझ्या आईकडे सहा वर्षं होती.

आगरातली, २० जुलै, सायंकाळी ६:३०

ताई, पानांच्या बुडाशी जो जाड देठ आहे त्यावर तांबडे-जांभळट ठिपके आहेत का, बघून सांगा.

पाचवा_मजला, २० जुलै, सायंकाळी ६:३८

आहेत!! कसं ओळखलंत?

आगरातली, २० जुलै, सायंकाळी ६:५५

मग मी बोलत नाही. या वर्षी तुम्हाला फूल दिसायचं नाही. मेमध्ये टोपलीतल्या कंदाचा जो तांबूस कोंब मोडलात ना, ती कळी होती.

आता सांगते तसं करा. पानं जितकी टिकतील तितकी टिकवा, शेणखत घाला. कार्तिकात पिवळी पडतील, तेव्हा कापायची नाहीत, गाठही मारायची नाही, आपोआप वाळू द्यायची. मग पाणी बंद. कुंडी उकरायची नाही, यांना मुळं हलवलेली खपत नाहीत. कोपऱ्यात सरकवा आणि विसरा. एप्रिलच्या मध्यावर एक तांब्या पाणी.

शंकासुर, २० जुलै, सायंकाळी ७:००

हा धागा आता रहस्यकथा विभागात हलवावा अशी संपादकांना विनंती.

पाचवा_मजला, २ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

नोंद ठेवतेय, कुणाच्या तरी कामाला येईल. निशिगंधाच्या त्या 'गवता'तून सप्टेंबरच्या शेवटी एक दांडा आला, बांधावरच्या दादांना कळवायचं होतं. रात्री गॅलरीचं दार उघडं ठेवून झोपतो आम्ही. ग्लॅडिओलसचे चार कंद १२ ऑक्टोबरला, चार २७ला लावले. डेलिया काकूंनी दिला, मानेसकट. आत्याच्या कुंडीतली पानं कडेने पिवळी पडायला लागलीत आणि पाणी न घालता बसणं फार अवघड जातंय.

डच_जावई, २ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

आमच्याकडे आज बोटं गारठून ट्यूलिप लावले. खाली ट्यूलिप, वर क्रोकस, एकाच कुंडीत थर. कंदाच्या उंचीच्या दोन-तीन पट खोल, हा नियम इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो. मेलबर्नच्या मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला, "माझे आत्ताच फुलून गेले, आता पुढची लावणी एप्रिल-मे मध्ये."

पाचवा_मजला, १९ एप्रिल, रात्री ८:००

एक तांब्या पाणी घातलं. कुंडी पाच महिने रिकामी दिसत होती. कामवाल्या मावशींनी दोनदा विचारलं, "ताई, ही माती टाकून देऊ का?"

पाचवा_मजला, १६ मे, सकाळी ७:२०

मंडळी!!!

दहा दिवसांपूर्वी मातीतून ठिपक्यांचे जाड कोंब वर आले, पान एकही नाही. आज सकाळी पडदा सरकवला तर चार लाल चेंडू. अक्षरशः चेंडू, शंभरेक बारीक फुलांचा एकेक, टोकाला पिवळे ठिपके. सहापैकी चार फुलले, पाचव्याचा कोंब दिसतोय. प्रचि टाकलीत, शंकासुरांनी मोजून घ्यावीत.

आगरातली, १६ मे, सकाळी ७:४५

फुटबॉल लिली. आमच्याकडे 'मे फ्लॉवर' म्हणतात. आठ-दहा दिवस राहतील, मग पानं येतील. शंकासुर सांगण्याआधी मीच सांगते, हीसुद्धा विषारी आहे.

नागपुरी_ऊन, १६ मे, सकाळी ८:१०

म्हणजे चिठ्ठीवरचा 'मे' हा लावायचा महिना नव्हताच!

पाचवा_मजला, १६ मे, दुपारी १२:३०

नाव होतं ते. आत्ता आत्याला व्हिडिओ कॉल करून फुलं दाखवली. कानाला नवीन यंत्र बसवलंय, त्यामुळे या वेळी संवाद झाला. "आत्या, कधी लावायचे ते का नाही लिहिलंस?" तर म्हणते, "ते काय लिहायचं? संक्रांत झाली की लावायचे. एवढं कुणालाही ठाऊक असतं."

शंकासुर, १६ मे, दुपारी १२:४१

अभिनंदन. आणि अलिबागचे पांढरे?

पाचवा_मजला, १६ मे, दुपारी १२:४४

दोन माळा पाठवतेय म्हणाली. त्यावरही चिठ्ठी लावायला सांगितलीय.